गुळवेलीचा सरकारी भाव ४० रुपये किलो. तो धडगावच्या पाड्यापर्यंत आणायचा कसा?

धडगाव : वेल एकच, पण नावं तीन. पाड्यावर ती गुळवेल. गुजरातकडचा व्यापारी तिला गळो म्हणतो. टीव्हीवरच्या जाहिरातीत आणि सरकारच्या यादीत ती गिलोय असते. या तीन नावांच्या घोळात एक गोष्ट सहज निसटते. सरकारी यादीत 'गिलोय'समोर जो भाव लिहिलेला असतो, तो आपल्या बांधावरच्या, आंब्यावर चढलेल्या वेलीचाच भाव आहे.

केंद्र सरकारने मे २०२० मध्ये गौण वनउपजांच्या किमान आधारभूत किमती वाढवल्या. त्या यादीत गुळवेल किलोला २१ रुपयांवरून थेट ४० रुपयांवर गेली. मोहाची सुकी फुलं त्याच वेळी १७ वरून ३० रुपये झाली. मोहाच्या भावाची चर्चा अक्राणी तालुक्यात घरोघर होते, कारण मोह घराघरात वेचला जातो. गुळवेलीचं तसं नाही. ताप आला की काढा करायचा, गुरांना द्यायची, आणि कोणी मागितली तर तोडून द्यायची, एवढाच तिचा व्यवहार. करोनाच्या काळात मात्र सगळंच बदललं. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने करोनासाठी आयुर्वेद आणि योगाची जी उपचारपद्धती जाहीर केली, तिच्यात गुळवेलीच्या घनवटीचं नाव होतं. देशभर काढ्याची लाट आली, कारखान्यांना माल कमी पडू लागला आणि रानातल्या या वेलीला शहरात एकदम किंमत आली.

लाट ओसरली. मागणी पूर्वीइतकी भडकलेली नाही, पण संपलेलीही नाही. संशमनी वटी, गुळवेल सत्त्व, चूर्ण, रस या सगळ्याला कच्चा माल लागतोच, आणि यातला बराचसा माल आजही लागवडीतून नव्हे तर रानातून येतो. तेव्हा प्रश्न असा आहे की सातपुड्यातली वेल सातपुड्यातल्या माणसाला काय देते.

ओली विकायची की सुकवून?

आधी साधा हिशेब करू. ४० रुपये हा भाव वाळवलेल्या, साफ केलेल्या मालाचा धरायचा. ओल्या वेलीत पाणी भरपूर. साधारण चार ते पाच किलो ओली वेल सुकली की एक किलो माल हातात राहतो. वेल जाड असेल, पावसानंतर लगेच कापलेली असेल तर फरक थोडा इकडे-तिकडे होतो.

म्हणजे पन्नास किलो ओल्या वेलीतून दहा ते साडेबारा किलो सुका माल निघेल. ४० रुपयांनी त्याचे ४०० ते ५०० रुपये झाले. आता समजा, कोणी पाड्यावर येऊन तीच वेल ओलीच सहा रुपये किलोने नेली, तर पन्नास किलोचे हातात आले ३००. रोख मिळाले, लगेच मिळाले, वाळवण्याची कटकट नाही, म्हणून माणूस खूश. पण पाठीवर पन्नास किलोचा भारा त्यानेच वाहिलेला असतो आणि शंभर-दोनशे रुपये मागे राहिलेले असतात. ढोबळ नियम एवढाच की ओल्या वेलीला आठ रुपयांच्या खाली भाव मिळत असेल तर सुकवणं परवडतं. दहाच्या वर मिळत असेल तर ओली द्यायला हरकत नाही. मधल्या भावाला ज्याने त्याने आपल्या वेळेचा हिशेब करावा.

सुकवण्यातही कसब आहे. बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे तुकडे करायचे, वरचं कागदासारखं सुटणारं साल आणि माती झटकायची, आणि सावलीत, वारा लागेल असं पसरायचं. आमचूर करणाऱ्या घरांना हे सांगायची गरज नाही. कैरीच्या फोडी किती दिवस पसरायच्या, कधी उलटायच्या, ढग आला की काय करायचं, हे इथल्या बायकांना तोंडपाठ आहे. फरक इतकाच की आमचूर उन्हात आणि गुळवेल सावलीत. ओलसर पोतं भरलं की आतून बुरशी धरते आणि काळा पडलेला माल घेणारा निम्म्या भावात मागतो, किंवा घेतच नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट असावी. किमान आधारभूत किंमत जाहीर झाली म्हणजे व्यापाऱ्याला तोच भाव द्यावा लागतो, असं नाही. ती किंमत सरकारी खरेदीची आहे. खरेदी केंद्र उघडलं, तिथे काटा लागला, पैसे द्यायची सोय झाली, तरच ती खरी. योजना केंद्राची, २०१३-१४ पासून सुरू असलेली. महाराष्ट्रात खरेदीचं काम आदिवासी विकास महामंडळाकडे येतं. केंद्रच उघडलं नाही तर यादीतला आकडा फक्त बोलणी करायला उपयोगी पडतो. तोही उपयोग कमी नाही. व्यापाऱ्यासमोर 'सरकारचा भाव चाळीस आहे' असं म्हणणारा माणूस आणि 'काय द्याल ते द्या' म्हणणारा माणूस, दोघांना वेगवेगळा भाव मिळतो, हे आमचुराच्या धंद्यात धडगावने पुष्कळदा पाहिलेलं आहे. यादी मधूनमधून बदलते, त्यामुळे माल काढण्याआधी चालू भाव तळोद्याच्या प्रकल्प कार्यालयात किंवा महामंडळाकडे विचारून घ्यावा.

शहापूरच्या कातकऱ्यांनी काय केलं

गुळवेलीत पैसा आहे की नाही, याचं उत्तर महाराष्ट्रातच मिळालेलं आहे. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात कातकरी समाजाच्या काही तरुणांनी आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेमार्फत वनधन केंद्र चालवलं आणि गुळवेल गोळा करून विकायला सुरुवात केली. कातकरी म्हणजे राज्यातल्या सगळ्यात गरीब, भूमिहीन समाजांपैकी एक. वीटभट्टीवर आणि कोळसा पाडायला जाणारी माणसं. सुरुवात स्थानिक बाजारात थोडाथोडा माल विकण्यापासून झाली. पुढे डाबर, हिमालया यांसारख्या मोठ्या कंपन्यांकडून दीड कोटी रुपयांच्या वरच्या मागण्या त्यांना मिळाल्या. ट्रायफेडने, म्हणजे आदिवासींचा माल विकणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, हे उदाहरण २०२१ मध्ये देशभर सांगितलं.

यात जादू काही नाही. वेल तीच, जंगलही फार वेगळं नाही. तिथल्या पोरांनी तीन कामं केली जी एकट्या माणसाला जमत नाहीत. माल एका जागी जमवला, म्हणून कंपनीला ट्रक भरून देता आला. माल सुकवून, निवडून, काही भाग भुकटी करून दिला. आणि वेल आणणाऱ्याला पैसे लगेच देता यावेत म्हणून वनधन योजनेतलं भांडवल वापरलं. हे तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं. गरीब माणूस कमी भावात का विकतो? त्याला आज संध्याकाळी मीठ-मिरची न्यायची असते. महिन्याने चाळीस देणाऱ्यापेक्षा आज पंचवीस देणारा त्याला जवळचा वाटतो, आणि त्याचं चुकतही नाही. गटाकडे आज द्यायला पैसा असेल तरच गट टिकतो.

वनधन योजना एप्रिल २०१८ मध्ये सुरू झाली. वीस जणांचे बचत गट, असे पंधरा गट मिळून तीनशे लोकांचं एक केंद्र, आणि केंद्रासाठी पंधरा लाखांपर्यंत मदत, अशी तिची रचना. महाराष्ट्रात हे काम शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळ पाहतं. तीनशे माणसं ऐकायला जास्त वाटतात. पण अक्राणीत पाडे विखुरलेले असले तरी एका ग्रामपंचायतीत तीनशे वेचणारे हात सहज निघतात.

शहापूर आणि धडगाव यांच्यात एक फरक विसरून चालणार नाही. शहापूर मुंबई-नाशिक रस्त्यावर आहे, रेल्वे शेजारून जाते. धडगावचा माल चांदसैली घाटातून तळोद्याकडे किंवा डोंगर उतरून शहाद्याकडे न्यायचा, मग नंदुरबारला रेल्वे. पावसाळ्यात दरड आली की घाट बंद. भाडं जास्त, फेरी लांब. म्हणून शहापूरला ओला माल विकून भागेल, धडगावला नाही. ओल्या वेलीचं पोतं गाडीत टाकणं म्हणजे भाडं भरून घाटातून पाणी वाहून नेणं. शंभर किलोत पाऊणशे-ऐंशी किलो पाणीच. ते पाड्यावरच वाऱ्याला द्यावं. घाट बंद असला तरी सुका माल महिनाभर थांबतो, कुजत नाही. सुकवण्याचा खरा फायदा भावापेक्षा यातच जास्त आहे. आपल्याला घाई राहत नाही.

वेल कोणाची?

जंगलातून पोतं निघालं की गड्याच्या मनात धाकधूक असते. नाक्यावर कोणी अडवेल, कागद विचारेल. ही भीती पिढ्यांची आहे आणि व्यापारी तिचाच फायदा घेतो. 'माझ्याकडे परवाना आहे, तुझ्याकडे काय?' असं म्हणून तो भाव पाडतो.

कायदा मात्र गेल्या तीस वर्षांत बराच पुढे गेलाय. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रात गौण वनउपजाची मालकी ग्रामसभेकडे देण्याचं सांगितलं. महाराष्ट्राने १९९७ मध्ये त्यासाठी स्वतःचा कायदा केला आणि २०१४ मध्ये पेसाचे नियम आणले. अक्राणी तालुका पूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतो. त्यावर २००६ चा वनहक्क कायदा आला. त्यात गौण वनउपजाच्या व्याख्येतच औषधी वनस्पती, मुळं, कंद यांची नावं आहेत, आणि ते गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा मालकी हक्क दिलेला आहे. २०१२ मध्ये नियम दुरुस्त झाले तेव्हा दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. गौण वनउपज गोळा करण्यावर कोणतीही रॉयल्टी, फी किंवा दुसरा आकार घ्यायचा नाही. आणि वाहतुकीचा परवाना ग्रामसभेने नेमलेली समिती देणार.

हा परवाना कागदावरच राहिलेला नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक पासचं पुस्तक मिळालं. त्याआधी दोन वर्षं गाव भांडत होतं. नंतर विदर्भातल्या कितीतरी ग्रामसभांनी तेंदूपत्त्याचे लिलाव स्वतः केले. सातपुड्यात वैयक्तिक वनपट्ट्यांसाठी लोकांनी जेवढा जीव ओतला, तेवढा सामूहिक वनहक्काच्या वापरावर ओतलेला दिसत नाही. ते समजण्यासारखंही आहे. कसत असलेली जमीन जाण्याची भीती मोठी असते, वेलीची कोणाला? नर्मदेच्या पाण्यात गावं जाताना ज्यांनी पाहिली त्या तालुक्यात लोक आधी जमिनीचा कागद मागणारच.

पण ज्या गावाला सामूहिक हक्काचा कागद मिळालेला आहे, त्या गावाने तो पेटीत ठेवून दिला तर उपयोग शून्य. वनहक्क व्यवस्थापन समिती आहे का, तिच्याकडे परवान्याचं पुस्तक आहे का, तिने शेवटचा परवाना कधी फाडला, हे तीन प्रश्न कोणत्याही ग्रामसभेत विचारता येतात. परवाना देणं म्हणजे पोत्यासोबत एक चिठ्ठी: कोणता माल, किती किलो, कोणत्या गावचा, कुठे चालला. एवढी चिठ्ठी नसेल तर तीच गुळवेल 'रानातला माल' होते, आणि असेल तर अमुक गावच्या ग्रामसभेचा माल होते. या चिठ्ठीची किंमत आता आणखी एका कारणाने वाढली आहे, आणि ते कारण थेट मुंबईच्या दवाखान्यांतून आलं.

यकृताचा वाद आणि आपलं पोतं

करोनाच्या दिवसांत लोक महिनोन्महिने गुळवेल घेत होते. कोणी रस, कोणी गोळ्या, कोणी अंगणातली वेल उकळून. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या डॉक्टरांकडे यकृताला सूज आलेले, कावीळ झालेले सहा रुग्ण आले, ज्यांनी गुळवेल घेतली होती. २०२१ मध्ये हा अभ्यास यकृतविषयक वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यानंतर देशातल्या १३ ठिकाणच्या डॉक्टरांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती मांडली. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते, तसा हा प्रकार दिसतो आणि गुळवेल बंद केल्यावर बरेच जण सुधारतात, असं त्यांचं म्हणणं.

आयुष मंत्रालयाने हे मान्य केलं नाही. जुलै २०२१ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२२ मध्ये मंत्रालयाने म्हटलं की गुळवेल सुरक्षित आहे. रुग्णांनी नेमकी कोणती वनस्पती घेतली हे नीट तपासलं गेलं नाही. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल यकृताला त्रासदायक असू शकते. डॉक्टरांचं उत्तर असं की त्यांनी नमुने तपासले आणि ती खरी गुळवेलच निघाली. वाद अजून पूर्ण मिटलेला नाही.

दोन्ही बाजूंचं ऐकून पाड्यावरच्या माणसाने दोन गोष्टी घ्याव्यात. पिणाऱ्यासाठी: तापात दोन-चार दिवस काढा घेणं आणि रोज सहा महिने घेत राहणं यात फार अंतर आहे. आधीपासून यकृताचा आजार, सांधेवात किंवा थायरॉईडचा जुना त्रास असणाऱ्याने, साखरेची गोळी चालू असणाऱ्याने, गरोदर बाईने डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये. लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले, अन्न नको वाटलं तर काढा बंद करून ग्रामीण रुग्णालय गाठावं, आणि काय घेतलं ते डॉक्टरला सांगावं. लपवू नये. झाडपाल्याचं नाव काढलं की डॉक्टर रागावतील म्हणून लोक गप्प बसतात आणि तिथेच निदान चुकतं.

विकणाऱ्यासाठी गोष्ट वेगळी आहे, आणि ती फायद्याची आहे. या वादानंतर वेल नेमकी कोणती, हा प्रश्न कंपनीला टाळता येत नाही. ओळख पानावरून आणि खोडावरून होते. खऱ्या गुळवेलीचं पान हृदयाच्या आकाराचं, गुळगुळीत. खोडावरचं पातळ साल नखाने सोललं की आत हिरवं दिसतं. अंगावर बारीक ठिपके असतात, पण चामखिळीसारख्या ठळक गाठी नसतात, आणि चीक पांढरा दुधासारखा येत नाही. खोड राखाडी, गाठीगाठींचं, दुधी चिकाचं असेल तर ती मंत्रालय म्हणतं ती दुसरी वेल. तिला हात लावू नये. महाराष्ट्रात हिची आणखी एक बहीण आढळते, जिच्या पानांना खालून लव असते. तीही पोत्यात मिसळू नये.

आता विचार करा. तुकडे करून, सुकवून, दहा गावचं एकत्र केल्यावर हे कोण ओळखणार? पानं गेली, साल गेलं. प्रयोगशाळेत ओळखता येतं, पण पोत्यापोत्याला कोण तपासणार. वेल झाडावर असताना ओळखणारा माणूस एकच: जो कोयता घेऊन झाडाखाली उभा आहे तो. त्याच्या ओळखीला आजवर कोणी पैसे दिले नाहीत, कारण माल पाच हातांतून फिरून कारखान्यात पोचेपर्यंत तो कोणी कापला हेच पुसलं जातं. ग्रामसभेच्या चिठ्ठीवर गाव, तारीख, कोणत्या झाडावरची वेल, आणि मोबाईलवर काढलेला पानासकट वेलीचा फोटो, एवढं असेल तर तो माल ओळख असलेला माल होतो. दलालाला हे देणं जमत नाही. कडुनिंबावर चढलेल्या गुळवेलीला वैद्य जास्त मान देतात हेही सगळ्यांना माहीत आहे. पण नुसतं 'निंबावरची' म्हणून चालत नाही, दाखवता यावी लागते. धडगावला मोबाईलची रेंज सगळीकडे नसली तरी फोटो काढायला रेंज लागत नाही.

पुस्तकातलं ज्ञान आणि बडव्याचं ज्ञान

इथे कायद्याचा एक कडू भागही सांगायला हवा. जैवविविधता कायदा २००२ साली आला. गावातल्या वनस्पतीवर कोणी धंदा करत असेल तर त्यातला वाटा गावाला मिळावा, हा त्याचा गाभा. डिसेंबर २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की भारतीय कंपनीलाही हा वाटा द्यावा लागेल. गावांच्या दृष्टीने हा निकाल मोठा होता.

पण २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. ग्रंथांत लिहिलेल्या पारंपरिक ज्ञानावर आधारलेल्या वापराला आणि लागवड केलेल्या औषधी वनस्पतींना बरीच सूट मिळाली. गुळवेल चरक-सुश्रुतांच्या काळापासून ग्रंथांत आहे. अमृता, गुडूची, छिन्नरुहा ही तिची संस्कृत नावं तिथलीच. म्हणजे तिच्यावर धंदा करणाऱ्याला वाटा द्यावा लागण्याची शक्यता आता फार कमी उरली. ज्या ज्ञानाला पुस्तक मिळालं ते सर्वांचं झालं. आणि भगताचं, बडव्याचं, बाळंतपण करणाऱ्या म्हातारीचं ज्ञान, जे कधी कागदावर आलंच नाही, त्याला संरक्षण आहे, पण ते नोंदवलेलं नसेल तर सिद्ध कसं करणार?

याच तालुक्यात अस्तंब्याचा डोंगर आहे, जिथे कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत फिरणारा अश्वत्थामा आजही भेटतो, अशी श्रद्धा आहे आणि धनत्रयोदशीला हजारो लोक चढून जातात. औषध शोधत डोंगरात फिरणं इथे नवीन नाही. कोणत्या कड्यावर काय उगवतं, कोणतं मूळ कोणत्या नक्षत्रात काढायचं, हे सांगणारी माणसं अजून आहेत. दरवर्षी कमी होतात. प्रत्येक ग्रामपंचायतीला जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी, असं कायदा सांगतो. ही नोंदवही बाहेरच्या संस्थेने येऊन दोन दिवसांत भरली तर तिच्यात आंबा, साग, मोह, पळस एवढंच येतं. पावरी-भिलोरी नावांसकट, वापरणाऱ्याच्या तोंडून भरली तरच ती पुढे कामाची. भगताला जे गुपित ठेवायचं आहे ते त्याने गुपितच ठेवावं. नोंदवहीतली माहिती कोणाला दाखवायची यावर गावाचं नियंत्रण असलं पाहिजे, हेही समितीत आधी ठरवून घ्यावं.

मुळासकट ओढली तर

भाव वाढला की रानावर काय येतं, हे सातपुड्याने आधीही पाहिलंय. जंगलातली सफेद मुसळी कंदासकट उपसली गेली आणि जिथे सहज मिळायची तिथे शोधावी लागू लागली. गुळवेल त्या मानाने चिवट. छिन्नरुहा म्हणजेच कापली तरी पुन्हा वाढणारी. जमिनीपासून तोडली तरी वरचा तुकडा झाडावर जिवंत राहतो आणि दोऱ्यासारखी मुळं खाली सोडतो. ती जमिनीला टेकली की वेल पुन्हा उभी. पण ही चिवटाई गृहीत धरून लोक बुंधा उपटतात आणि वरचंही सगळं ओढून घेतात, तेव्हा वेल परत येत नाही.

कापायची वेळ पावसाळा सरल्यावर. वेल अंगठ्याएवढी किंवा त्याहून जाड हवी. कोवळीत सत्त्व कमी, वजनही कमी. बुंध्याचा हात-दीड हात भाग जमिनीत ठेवून द्यायचा. एका झाडावरची सगळी वेल एका वर्षी काढायची नाही. गुळवेलीत नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी असते. वाटाण्याएवढी लाल फळं फक्त मादीला लागतात, पाखरं ती खातात आणि बी पसरवतात. शिवारातल्या लाल फळांच्या वेली ओळखून सोडून दिल्या तर पुढची रोपं फुकटात तयार होतात.

लावणं त्याहून सोपं. मे-जूनमध्ये वीतभर लांबीच्या, दोन-तीन डोळे असलेल्या कांड्या तोडायच्या आणि पहिल्या पावसात कुंपणाला, बांधावरच्या निंबाच्या किंवा आंब्याच्या बुडाशी खोचायच्या. खत नको, फवारणी नको, राखण नको. दोन वर्षांत कापणीला येते. वनपट्ट्याच्या बांधावर लावलेली वेल स्वतःची. तिच्यासाठी जंगलात जायचं नाही, परवान्याची धाकधूकही कमी.

दिवाळीनंतर तालुक्यातली निम्मी घरं कुलूपबंद होतात, माणसं ऊस तोडायला गुजरातकडे उतरतात. गुळवेल काढायचा हंगाम नेमका तोच. एका वेलीच्या पैशावर कोणाचं स्थलांतर थांबणार नाही, तसा दावा करणारा फसवतो. पण मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना, शाळेसाठी थांबलेल्या पोरांच्या आयांना नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने हातात काहीच नसतं. मोह मार्चमध्ये पडतो, कैरी एप्रिलमध्ये येते. मधल्या रिकाम्या दिवसांत रोज चार-पाच किलो ओली वेल आणून ओसरीवर पसरणं त्यांना जमण्यासारखं आहे. महिन्याकाठी पंचवीस-तीस किलो सुका माल, एकीचा. वीस जणींच्या गटाचा पाच-सहा क्विंटल. एवढा माल एकत्र असेल तर शहाद्याचा व्यापारी स्वतः गाडी घेऊन धडगावपर्यंत येतो, आणि त्या वेळी काटा गटाचा असतो.